गौतमीपुत्र सातकर्णीचे चरित्र कसे अभ्यासावे

गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाविषयी एखादे व्याख्यान तयार करणाऱ्या, शाळेच्या सहलीसाठी टिपण काढणाऱ्या किंवा दिवाळी अंकासाठी लेख लिहू पाहणाऱ्या माणसापुढे पहिली अडचण येते ती साधनांची. त्याच्या हयातीत लिहिलेले त्याचे चरित्र आपल्यापर्यंत आलेले नाही. आपल्या हाती आहेत ते नाशिकच्या डोंगरातील मोजके शिलालेख, कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक खंडित लेख, हजारो नाणी, प्रतिस्पर्धी घराण्याचा गिरनारच्या पायथ्याशी कोरलेला एक लेख, पुराणांतील राजांच्या याद्या आणि परदेशी भूगोलकारांचे ओझरते उल्लेख. ही सामग्री थोडी असली तरी नीट क्रमाने हाताळल्यास तिच्यातून एक स्पष्ट राजा उभा राहतो. बहुतेक लेखक सुरुवातच मातेने कोरविलेल्या प्रशस्तीपासून, म्हणजे स्तुतिलेखापासून, करतात आणि मग उरलेला सर्व पुरावा तिच्या तेजात दिसेनासा होतो. म्हणून या मार्गदर्शनात मुद्दाम उलटा क्रम सुचवला आहे: छोटी आज्ञापत्रे आधी, नाणी त्यानंतर आणि प्रशस्ती सर्वांत शेवटी.

आधी नाव नक्की करावे

सातवाहन घराण्यात सातकर्णी हे नाव अनेकांनी धारण केले. जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिका राणीचा जो मोठा लेख आहे, त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांचे आणि दक्षिणांचे वर्णन येते. तेथील सातकर्णी हा तिचा पती असून तो आपल्या विषयाच्या राजाहून बराच आधीचा आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी हा नंतरचा राजा होय. त्याहून अधिक घोटाळा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीमुळे होतो, कारण त्याच्या नावातही गौतमीपुत्र आहे आणि त्याच्या कारकिर्दीतील, सातव्या वर्षाचा लेखही नाशिकच्याच लेण्यांत आहे. म्हणून टिपण काढताना प्रत्येक नोंदीपुढे लेखाचे ठिकाण, राजाचे पूर्ण नाव आणि राज्यवर्ष या तीन गोष्टी लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी. नाणेघाटातील यज्ञ गौतमीपुत्राच्या खात्यावर जमा झालेले लेख अजूनही वाचायला मिळतात आणि ही चूक एकदा छापली गेली की पुढे वर्षानुवर्षे चालत राहते.

‘गौतमीपुत्र’ या शब्दावरून सातवाहनांत मातृसत्ता होती, असाही निष्कर्ष काढला जातो. तो टाळावा. गौतमी, वासिष्ठी ही मातेची गोत्रदर्शक नावे आहेत आणि अनेक राण्या असलेल्या राजकुळात मुलगा कोणाचा हे सांगण्याचा तो एक मार्ग होता, असे समजणे सयुक्तिक ठरते. या राजाच्या बाबतीत मात्र मातेचे नाव केवळ ओळखीपुरते राहिले नाही. गौतमी बलश्री ही त्याच्या राज्यकारभारात आणि त्याच्या कीर्तीतही प्रत्यक्ष सहभागी होती, हे पुढील लेखांवरून दिसून येईल.

पांडवलेण्यांत प्रथम दहाव्या लेण्यात जावे

नाशिकच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गालगत जो डोंगर आहे त्याला प्राचीन लेखांत ‘तिरण्हु’ किंवा ‘तेकिरसि’ म्हणजे त्रिरश्मी असे नाव आहे. लोकांच्या तोंडी ती पांडवलेणी आहेत, जरी पांडवांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. चोवीस लेण्यांच्या या समूहातील बहुतेक पाहुणे थेट तिसऱ्या लेण्यापाशी जातात, कारण गौतमीपुत्राचे लेणे म्हणून तेच प्रसिद्ध आहे. अभ्यासकाने मात्र आधी दहावे लेणे पाहावे.

दहावे लेणे नहपान या क्षहरात घराण्यातील शक क्षत्रपाच्या (क्षत्रप म्हणजे प्रांताधिपती) जावयाने, म्हणजे उषवदाताने कोरविले. नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही उषवदाताची पत्नी. या लेण्यातील लेखांत उषवदाताच्या दानांची जी यादी आहे ती सावकाश वाचावी. त्याने तीन लाख गायी दान दिल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा येथे वस्तिगृहे बांधली. पार, दमण, तापी आणि डहाणू या नद्यांवर विनाशुल्क नावांची सोय केली. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांना, शेत विकत घेऊन ते लेण्यातील भिक्षूंना दिले. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, त्याने दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने ठेवले आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावेत अशी व्यवस्था केली. हिशेब करून पाहिला तर तो बरोबर जुळतो: दोन हजारांवर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही तेवढेच.

हे सर्व आधी वाचण्याचे कारण असे की, गौतमीपुत्राने ज्यांना उखडून काढले ते शक हे कोणी धावून येऊन लुटून जाणारे टोळीवाले नव्हते. ते या प्रदेशात रुजलेले, येथल्या देवाब्राह्मणांना आणि भिक्षूंना दान देणारे, येथल्या विणकरांशी आर्थिक व्यवहार ठेवणारे राज्यकर्ते होते. नाशिक, जुन्नर, कार्ले, सोपारा, भडोच या व्यापारी पट्ट्यावर त्यांची पकड होती आणि घाटमाथ्यावरून बंदरांकडे जाणाऱ्या मालाचा फायदा त्यांच्याकडे वळला होता. जुन्नरच्या लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम याचा शेहेचाळीसाव्या वर्षाचा लेख आहे, त्यात नहपानाला महाक्षत्रप म्हटले आहे. अशा सत्तेला हटवण्यासाठी काय लागले असेल याचा अंदाज दहाव्या लेण्यात उभे राहिल्यावर येतो, पुस्तकात येत नाही.

लेख वाचण्याची तयारी घरूनच करून जावी. भगवानलाल इंद्रजी आणि एमिल सेनार यांच्यासारख्या विद्वानांनी केलेली वाचने छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यांची देवनागरी प्रत मोठ्या अक्षरांत काढून बरोबर ठेवावी. भाषा प्राकृत आहे आणि जोडाक्षरे जवळपास नाहीत, त्यामुळे ‘पुत्र’ ऐवजी ‘पुत’, ‘धर्म’ ऐवजी ‘धम’ आणि ‘सातकर्णी’ ऐवजी ‘सातकणि’ असे दिसेल. ब्राह्मीची सर्व अक्षरे येत नसली तरी ‘सिधं’, ‘रञो’, ‘गोतमिपुतस’ एवढे शब्द ओळखायला शिकावे. तेवढ्यावर डोळा भिंतीवर स्थिरावतो. अक्षरे समोरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसतात, म्हणून टॉर्च कडेने धरावा. अक्षरांवर खडू फिरवणे, पाणी मारणे किंवा बोटे घासणे हे गुन्हा आहे आणि दोन हजार वर्षे टिकलेल्या मजकुराची ती हानीही आहे. फोटो काढताना आधी संपूर्ण भिंतीचा, मग ओळीओळींचा काढावा, नाहीतर घरी आल्यावर कोणता तुकडा कोठला हे कळत नाही.

दोन आज्ञापत्रे

आता तिसऱ्या लेण्यात यावे. दर्शनी भागात तुळया खांद्यावर पेलणारे गण, खांबांच्या माथ्यावरील प्राणी आणि नक्षीचे दार पाहून झाले की ओसरीच्या भिंतीवरील, छताच्या खालचे लेख शोधावेत. या लेण्याची रचना दहाव्या लेण्याशी मिळतीजुळती आहे. शकांच्या लेण्याच्या तोडीस तोड आणि शक्य तर अधिक देखणे लेणे येथे व्हावे, हा हेतू त्यात असावा असे दोन्ही एकामागोमाग पाहिल्यावर वाटते.

पहिले आज्ञापत्र गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षाचे आहे. ते वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून निघालेले असून गोवर्धन येथील विष्णुपालित या अमात्याला उद्देशून आहे. राजा स्वतःला ‘बेनाकटकाचा स्वामी’ म्हणवतो आणि सांगतो की, अपरकखडी गावातील जे शेत आजवर उषवदाताकडे होते, ते दोनशे निवर्तनांचे शेत आम्ही त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना, म्हणजे भिक्षूंना, देत आहोत. निवर्तन हे जमीन मोजण्याचे तेव्हाचे माप आहे. या एका वाक्यात सत्तांतराचा कागदोपत्री पुरावा आहे: जावयाचे शेत आता राजाच्या हुकमाने दिले जाते. गोवर्धन हे नाव आजही नाशिकजवळच्या गोवर्धन गावात टिकून आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. कार्ल्याच्या लेखातही, बहुधा याच राजाच्या अठराव्या वर्षी, मामाल म्हणजे मावळच्या अमात्याला अशीच आज्ञा दिली आहे. तेथे राजाचे नाव तुटले आहे, म्हणून लिहिताना ‘बहुधा’ हा शब्द गाळू नये.

दुसरे आज्ञापत्र चोविसाव्या वर्षाचे आहे आणि माझ्या मते या राजाला समजून घेण्यासाठी याहून मोलाचा मजकूर दुसरा नाही. ते राजा गौतमीपुत्र आणि ‘जीवसुता राजमाता’ महादेवी या दोघांच्या वचनाने निघाले आहे. गोवर्धनचा अमात्य सामक याचे आरोग्य विचारून पुढे म्हटले आहे की, तिरण्हु पर्वतावरील आमच्या धर्मदान लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना कखडी गावात पूर्वी जे शेत दिले होते, ‘त च खेत न कसते, सो च गामो न वसति’. हे वाक्य मराठी माणसाला भाषांतराविना कळते. ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही. जमीन ‘कसणे’ हा शब्द आपण आजही त्याच अर्थाने वापरतो आणि सातबाऱ्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. असे असल्यामुळे नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या राजकीय शेतातून शंभर निवर्तने या भिक्षूंना द्यावीत, अशी आज्ञा पुढे येते.

या आज्ञेत जमिनीला दिलेल्या सवलतीही बारकाईने टिपाव्यात. त्या जमिनीत राजाच्या अधिकाऱ्यांनी प्रवेश करू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये, असे नियम एकामागून एक येतात. त्यांचा उलट अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे: ज्या जमिनींना अशी सूट नव्हती तेथे अधिकारी येत होते आणि राजसत्ता मिठावर हक्क सांगत होती. लेख तयार करणारी व्यक्ती म्हणून प्रतिहाररक्षी लोटा हिचे नाव येते. राजद्वाराशी संबंधित पदावरील एका स्त्रीचे नाव राजाच्या हुकमासोबत दगडात टिकले आहे, हे वाचकाच्या नजरेतून सुटू देऊ नये.

या आज्ञापत्रातून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. दिलेले दान फुकट गेले आहे हे गावाकडून राजापर्यंत पोहोचले, आणि ते पोहोचल्यावर राजाने चूक दुरुस्त केली. शिवाय युद्धानंतरच्या सहा वर्षांत त्या परिसरातील निदान एक गाव ओसाड होते. गाव ओस का पडले हे लेख सांगत नाही. लढाईमुळे पडले असे ठामपणे लिहिणे हे लेखाच्या पुढे जाणे होईल, पण अठराव्या वर्षीची विजयी छावणी आणि चोविसाव्या वर्षीचे ओसाड गाव ही दोन वाक्ये शेजारी ठेवण्याचा अधिकार लेखकाला आहे.

नाणी

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटवली होती. प्रशस्तीतील विजयाचा दावा खरा आहे याचा याहून स्वतंत्र पुरावा मागता येणार नाही, कारण हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच विजेत्याची खूण बसलेली आहे.

असे नाणे पाहताना एका बाजूला नहपानाच्या मस्तकाच्या रेषा आणि कडेने ग्रीक अक्षरांचे अवशेष शोधावेत, दुसऱ्या बाजूला त्याचे बाण आणि वज्र ही चिन्हे व ब्राह्मी-खरोष्ठी अक्षरे शोधावीत. त्यांच्यावर तीन कमानींचा पर्वत आणि ‘उज्जैन चिन्ह’ म्हणून ओळखली जाणारी, एकमेकांना जोडलेल्या चार वर्तुळांची आकृती उमटलेली दिसेल. ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा मजकूर सलग मिळेलच असे नाही. संग्रहालयात काचेपलीकडून बारीक दिसत नसेल तर मोबाइलचा झूम वापरावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी प्राचीन नाणी पाहता येतात. नाशिकहून त्र्यंबककडे जाताना अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तेथे जाण्यापूर्वी चौकशी करून जावे.

नवे चलन पाडण्याऐवजी जुन्यावर ठसा का उमटवला, याचा विचार अवश्य करावा. चांदी हाताशी तयार होती आणि ही नाणी बाजारात चालत होती. ती वितळवून पुन्हा पाडण्यापेक्षा ठसा मारणे सोपे होते. व्यापाऱ्याच्या हातात रोज फिरणाऱ्या चलनातून सत्ता बदलल्याची बातमी गावोगाव गेली, तीही लेख वाचता न येणाऱ्यांपर्यंत. नाणी विकत घेण्याचा मोह मात्र टाळावा. सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या नाण्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि शेतात किंवा पायाखोदाईत असा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मूठभर नाणी इकडेतिकडे वाटली गेली की साठा म्हणून त्यांचा सगळा पुरावा नाहीसा होतो.

आता मातेचा लेख

एवढी तयारी झाली की तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतील गौतमी बलश्रीच्या लेखाकडे वळावे. हा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षात, तेराव्या दिवशी कोरलेला आहे. म्हणजे मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्यात, आजीने हे लेणे भद्रायणीय या बौद्ध शाखेच्या भिक्षुसंघाला अर्पण करताना पुत्राचे गुणवर्णन कोरविले. चोविसाव्या वर्षाच्या आज्ञापत्रात ती ‘जीवसुता’ होती, म्हणजे जिचा पुत्र हयात आहे अशी. येथे ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते, आणि ‘जीवसुता’ हा शब्द येथे नाही. या एका फरकाकडे लक्ष गेले की संपूर्ण प्रशस्ती वेगळी ऐकू येते.

वाचताना वहीच्या पानाचे तीन उभे रकाने करावेत. पहिल्या रकान्यात प्रदेशांची आणि पर्वतांची नावे, दुसऱ्यात कोणत्याही राजाला लागू पडतील अशी विशेषणे, तिसऱ्यात याच राजाला लागू पडतील अशी विधाने. चंद्रासारखे मुख, गजासारखी चाल, नागराजाच्या शरीरासारखे बाहू हे सर्व दुसऱ्या रकान्यात जाईल. तिसऱ्या रकान्यात ‘सकयवनपल्हवनिसूदन’ म्हणजे शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा, ‘खखरातवसनिरवसेसकर’ म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा, आणि ‘सातवाहनकुलयसपतिथापनकर’ म्हणजे सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा ही विशेषणे येतील. यांतील शेवटचे विशेष जपून वाचावे, कारण यश पुन्हा प्रस्थापित करावे लागले याचा अर्थ ते मधल्या काळात गेले होते, आणि माता हे लपवत नाही.

काही विशेषणे कोणत्या रकान्यात घालावीत हे ठरवणे अवघड जाते आणि तेथेच खरा अभ्यास होतो. ‘पोरजननिविसेससमसुखदुख’ म्हणजे नगरजनांच्या सुखदुःखाशी ज्याचे सुखदुःख एकरूप आहे असा. ‘धमोपजितकरविनियोगकर’ म्हणजे धर्माने मिळवलेल्या कराचाच विनियोग करणारा. ‘अविपनमातुसुसूसाक’ म्हणजे मातेच्या सेवेत कधी खंड न पडू देणारा. पहिली दोन विशेषणे राजस्तुतीत नेहमी येण्यासारखी आहेत, तरी ओसाड गावाबद्दलची आज्ञा वाचलेल्या माणसाला ती पोकळ वाटणार नाहीत. तिसरे तर स्वतः मातेनेच कोरविले आहे. याच लेखात अपराध केलेल्या शत्रूचाही प्राण घेण्याची ज्याला रुची नाही असे एक विशेषण आहे आणि क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचेही आहे. या दोहोंमधील विसंगती झाकू नये. दोन्ही वाक्ये उद्धृत करावीत आणि माता दोन्ही गोष्टी अभिमानाने सांगते एवढेच नोंदवावे.

‘एकबम्हण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा ही विशेषणे आजच्या वादांत दोन्ही बाजूंनी ओढली जातात. ती उद्धृत करताना हेही सांगावे की, ज्या लेण्यात ती कोरली आहेत ते बौद्ध भिक्षुसंघाला दिलेले आहे, आणि कान्हेरीच्या लेखात याच घराण्यातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शकांच्या कार्दमक कुळातील, एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे म्हटले आहे. एका पिढीतील घोषणा आणि पुढील पिढीतील विवाह दोन्ही खरे आहेत.

प्रदेशांची यादी पडताळून पाहण्याची एक साधी पद्धत आहे. लेखात असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनुप, विदर्भ आणि आकरावंती अशी नऊ नावे येतात. गोदावरीकाठचा मूलक म्हणजे पैठणचा परिसर, अपरांत म्हणजे कोकण, अनुप म्हणजे नर्मदेकाठचा माहिष्मतीचा भाग, आकरावंती म्हणजे माळवा. त्यापुढे शक महाक्षत्रप रुद्रदामनाचा जुनागढ येथील (गिरनारच्या पायथ्याचा), शके ७२ म्हणजे इ. स. १५० नंतर लवकरच कोरलेला लेख ठेवावा. रुद्रदामन आपल्या ताब्यातील म्हणून जे प्रदेश सांगतो त्यांत आकरावंती, अनुप, सुराष्ट्र, कुकुर आणि अपरांत ही पाच नावे आहेत. म्हणजे गौतमीपुत्राने जिंकलेल्या नऊपैकी पाच प्रदेशांवर तोपर्यंत शकांनी पुन्हा हक्क सांगितला होता. रुद्रदामन असेही म्हणतो की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा उघड पराभूत केले, पण नाते जवळचे असल्यामुळे त्याला नष्ट केले नाही. हा सातकर्णी बहुधा गौतमीपुत्र नसून त्याच्यानंतरचा आहे. ‘तिसमुदतोयपीतवाहन’, म्हणजे ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, हे विशेषण मराठी मनाला फार प्रिय आहे आणि ते प्रिय असण्यात काही वावगे नाही; ते नकाशावरील सीमारेषा म्हणून रंगवू नये एवढेच. विंध्य, सह्य आणि पारियात्र यांच्या बरोबरीने मलय आणि महेंद्र पर्वतांचेही स्वामित्व त्याच यादीत सांगितले आहे.

काळ कसा लिहावा

येथे थोडक्यात सांगतो, कारण नियम सोपा आहे: एकच सन छातीठोकपणे लिहू नये. नहपानाच्या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानली तर त्याचे शेवटचे वर्ष इ. स. १२४ येते आणि गौतमीपुत्राची कारकीर्द साधारण इ. स. १०६ ते १३० ठरते; अनेक पाठ्यपुस्तके हेच सन देतात. ती नहपानाची स्वतःची राज्यवर्षे मानली तर सर्व घटना पहिल्या शतकाच्या उत्तरार्धाकडे सरकतात. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात येणारा राजा नहपानच असावा असे मानले जाते, आणि कच्छमधील अंधौ येथे नहपानानंतरच्या चष्टन या शक क्षत्रपाचा वर्ष ११ चा लेख मिळाला आहे. या दोन्ही गोष्टी दुसऱ्या पक्षाला बळ देतात. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने पैठणचा राजा म्हणून पुळुमावीचा आणि उज्जैनचा राजा म्हणून चष्टनाचा उल्लेख केला आहे, त्यावरून हे दोघे समकालीन होते हे कळते. पुराणांत गौतमीपुत्राला २१ वर्षे दिली आहेत, पण शिलालेखात चोविसावे वर्ष आहे, तेव्हा येथे दगडाचेच ऐकावे. लेखात ‘इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा उत्तरार्ध किंवा दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध’ असे लिहून दोन्ही मतांची कारणे एकेका वाक्यात द्यावीत.

शालिवाहन आणि कीर्ती

पाडव्याच्या दिवशी पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकले आणि शत्रूचा पराभव केला, ही कथा घराघरांत सांगितली जाते. ती लिहिताना गौतमीपुत्राचे नाव त्या कथेत घुसडू नये आणि कथा खोटी म्हणून फेकूनही देऊ नये. शक संवताचा आरंभ इ. स. ७८ मध्ये होतो. जुन्या लेखांत त्याला शकांचा काळ म्हटले आहे आणि शालिवाहनाचे नाव त्याला मध्ययुगात जोडले गेले. शकांना हरवणाऱ्या घराण्याचे नाव शकांच्याच संवताला मिळावे, हे लोकस्मृतीने केलेले काम आहे. कुंभाराच्या घरी वाढलेला, मातीतून सैन्य उभे करणारा राजा हा गौतमीपुत्र नाही. पण परक्या सत्तेनंतर गोदावरीच्या काठी पुन्हा आपले राज्य आले ही आठवण त्या कथेच्या तळाशी असावी, असे मानायला जागा आहे. मानणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर लेखात दिसू द्यावे.

या राजाचा अभिमान फक्त महाराष्ट्राचा नाही. पुराणांनी या घराण्याला आंध्र म्हटले, पुळुमावीचा लेख अमरावतीला आहे आणि तेलुगू भाषकांत गौतमीपुत्राविषयी तितकीच आस्था आहे. कर्नाटकातील सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी येथील स्तूपावर सातवाहन राजांची नावांसह शिल्पे मिळाली आहेत. तेव्हा लिहिताना ‘आमचा राजा’ हा शब्द वापरायला हरकत नाही, पण ‘फक्त आमचा’ असे लिहिले की पुरावा लगेच विरोधात जातो.

लेखन आणि शेवटची एक फेरी

प्रत्यक्ष लिहिताना आरंभ जन्मापासून करू नये. त्याचा जन्म, बालपण, गुरू, राज्याभिषेक यांविषयी एकही समकालीन ओळ नाही आणि तेथे कल्पनेने भर घातली की पुढचा खरा मजकूरही संशयास्पद होतो. आरंभ उषवदाताच्या शेतापासून करावा. ते शेत त्याच्या हाती असताना, मग विजयी छावणीतून ते भिक्षूंना दिले जाताना, मग पडीक पडल्याने दुसरे दिले जाताना असे तीन टप्पे घेतले तर शत्रू, युद्ध, विजय, कारभार आणि माता हे सगळे आपोआप त्यात येतात. नाणी युद्धाच्या ठिकाणी, प्रशस्ती मृत्यूच्या नंतर आणि जुनागढचा लेख त्याच्याही पुढे ठेवावा. मूळ प्राकृत शब्द चार-पाचच द्यावेत, पण ते अचूक द्यावेत.

मसुदा पूर्ण झाल्यावर शक्य असल्यास पुन्हा एकदा पांडवलेण्यांत जावे आणि तिसऱ्या लेण्यातील पुळुमावीच्या बाविसाव्या वर्षाचा लेख पाहावा. आजीने अर्पण केलेल्या लेण्यासाठी एकोणिसाव्या वर्षी सुदसण हे गाव दिले होते. बाविसाव्या वर्षी त्याच गोवर्धनच्या अमात्याला, आता शिवखदिलाला, आज्ञा जाते की सुदसणच्या बदल्यात समलिपद हे गाव द्यावे. दिलेले दान तपासून ते बदलून देण्याची रीत बापाकडून मुलाकडे आलेली त्या भिंतीवर वाचता येते.